नांगर, पंप आणि 'सी मोअर'

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, सध्या एका छोट्या कंत्राटदाराकडे पंप दुरुस्तीला जातो. सोसायट्यांच्या तळघरात पाणी वर चढवायचे पंप असतात ना, ते. "दादा, लिंक्डइनवर पोस्ट टाकायचीय, जरा बघशील का?" असं म्हणून त्याने मोबाईल माझ्या हातात दिला.

पोस्ट इंग्रजीत होती आणि अर्थातच एआयकडून लिहून घेतलेली. सुरुवातीलाच तो 'विनम्र आणि रोमांचित' झाला होता. पुढे पंपाच्या तळघरात शिकलेले नेतृत्वाचे पाच धडे. प्रत्येक धड्याआधी एक रॉकेट. शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न. मी त्याला विचारलं, "अरे, यात पंप कुठाय?" तो म्हणाला, "पंपाबद्दल कोण वाचणार?"

प्रोफाइलवर राहायचं ठिकाण 'चेंबूर' लिहिलं होतं. त्यावर मी काही बोललो नाही. गोवंडीत राहणाऱ्या माणसाला त्याचं कारण विचारायचं नसतं. आमच्या एम-पूर्व वॉर्डात १९२७ पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, १९७१ पासूनचा कत्तलखाना आहे, आणि २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा वॉर्ड सगळ्यात तळाला होता. १९५४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थाही इथेच आहे, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण ते कोणाला आठवत नाही. इंटरव्ह्यूला 'कुठे राहता' असं विचारलं की आपण चेंबूर म्हणून मोकळं व्हायचं. मीही कॅम्पस इंटरव्ह्यूत तेच केलं होतं. असो.

त्याला काय सांगावं ते तेव्हा सुचलं नाही. 'उद्या बघू' म्हटलं. पण त्याने पोस्टसोबत लावायला एक फोटो काढला होता. तळघर, ओली फरशी आणि एक जुना पंप. पंपावर गंज चढलेली नावाची पट्टी: किर्लोस्कर. दुपारभर ती पट्टी डोक्यात राहिली. कारण 'आपल्या धंद्याबद्दल लिहिलेलं कोण वाचणार' हा प्रश्न त्याच नावाच्या घराण्यातल्या एका माणसाला शंभर वर्षांपूर्वी पडला होता. त्याचं उत्तर शोधता शोधता त्याने मराठीतली तीन गाजलेली मासिकं उभी केली. आजचा लेख त्याच्यावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले आणि तिथे कळलं की रंग नीट ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (म्हणजे आपलं व्हीजेटीआय) शिकवू लागले. तिथे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतंच. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

या गोष्टीची आजच्या पद्धतीची पोस्ट कशी झाली असती, याचा मी प्रयत्न करून बघितला (ह. घ्या.):

त्यांनी मला प्रमोशन नाकारलं.
मी काहीच बोललो नाही.
मी सायकल विकली.
आज माझा नांगर आहे.
नाही म्हणणाऱ्यांचे आभार माना.
सहमत?

एक ओळ, मग मोकळी जागा, मग परत एक ओळ. २०१७ च्या सुमारास या प्रकाराला इंग्रजीत 'ब्रोएट्री' असं चेष्टेचं नाव पडलं. हे असं का लिहितात याचं कारण साधं, यांत्रिक आहे. फीडमध्ये पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं 'सी मोअर'च्या मागे झाकलेलं असतं. लोकांनी ते दाबावं म्हणून पहिल्या ओळीत गळ टाकायचा. २००३ च्या मे महिन्यात लिंक्डइन सुरू झालं तेव्हा ती मुळात बायोडेटाची वही होती. २०१२ मध्ये निवडक मोठ्या लोकांना तिथे लेख लिहायला दिले, २०१४ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं, आणि तेव्हापासून प्रत्येकजण संपादक आहे. आपण सगळेच. माझ्याही नावावर दोन-तीन 'विनम्र' पोस्टी आहेत, त्या शोधू नका :)

खऱ्या गोष्टीत मात्र नाट्य कमी आणि वाट बघणं जास्त होतं. लोखंडी नांगर विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते, नापीक होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. तेव्हा औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी जागा दिली, कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसायला सुरुवात झाली. आज ही जागा सांगली जिल्ह्यात येते. मग पहिलं महायुद्ध आलं आणि लोखंड मिळेनासं झालं. त्या काळात कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या अशी गोष्ट सांगितली जाते. (तोफेचा नांगर! नुसत्या या एका वाक्यावर आज किती लाइक्स मिळाले असते याचा विचार करा.)

१९२० च्या जानेवारीत किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. म्हणजे आता फक्त घरचा कारभार राहिला नाही. भागधारक आले, गावोगावचे एजंट आले, गिऱ्हाईकं आली, आणि हे सगळे एकमेकांपासून शेकडो मैल लांब. वाडी तर माळावर. रेडिओ नाही, टेलिफोन नावालाच. याच १९२० मध्ये लक्ष्मणरावांच्या पुतण्याने, शंकर वासुदेव किर्लोस्करांनी, एक मासिक काढलं. नाव ठेवलं 'किर्लोस्कर खबर'.

शंकररावांचा जन्म १८९१ चा. म्हणजे मासिक काढलं तेव्हा हा माणूस अठ्ठावीस-एकोणतीसचा होता. माझ्याच वयाचा, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या. शिक्षण इंजिनियरिंगचं नव्हे, चित्रकलेचं. चित्रकला शिकायला ते थेट लाहोरला पंडित सातवळेकरांकडे गेले होते. (हो, तेच वेदांचे भाष्यकार सातवळेकर. ते आधी नावाजलेले चित्रकार होते.) परत आल्यावर कारखान्यात त्यांच्याकडे विक्री आणि जाहिरातीचं काम आलं. म्हणजे आजच्या भाषेत मार्केटिंगवाला, डिझाइनची पार्श्वभूमी असलेला. मासिकाचे संपादक तेच, चित्रं काढणारेही तेच. पुढे 'टाकांच्या फेकी' या नावाने त्यांची व्यंगचित्रं गाजली. त्यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून लोक त्यांना 'शंवाकि' म्हणू लागले आणि १९७४ च्या आत्मचरित्राला त्यांनी नावच दिलं 'शंवाकीय'.

आता या माणसाच्या जागी बसून बघा. तुमच्याकडे विकायला नांगर आहे, चरक आहे, कडबा कापायचं यंत्र आहे. तुमचं खरं गिऱ्हाईक शेतकरी, आणि १९२१ च्या जनगणनेच्या वेळी देशात दहातल्या नऊहून जास्त लोकांना वाचताच येत नव्हतं. मग मासिक कोणासाठी? गावात वाचू शकणारे मोजके लोक असायचे. शाळामास्तर, तलाठी, पोस्टमास्तर, एखादा सुशिक्षित बागाईतदार, दुकानदार. 'केसरी' चावडीवर एकाने मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही पद्धत महाराष्ट्राला चांगली माहीत होती. म्हणजे एजंटाच्या हाती जो अंक पडतो तो त्याच्याकडेच थांबत नाही, तो पुढे चावडीत जातो. आपण ज्याला 'शेअर' म्हणतो ते हेच की!

पण चावडीत बसलेला माणूस दर महिन्याला नांगराचं कौतुक का ऐकेल? पहिल्या महिन्यात ऐकेल, दुसऱ्या महिन्यात पुड्या बांधायला कागद वापरेल. शंकररावांचं मोठेपण मला इथे दिसतं. कारखान्याचं गृहपत्र म्हणून निघालेल्या मासिकात हळूहळू कारखाना मागे सरकला. उद्योगधंद्यांची माहिती आली, आरोग्य आलं, परदेशातल्या आणि इथल्या कर्तबगार माणसांची चरित्रं आली, विनोद आला. ना. धों. ताम्हनकर (आपल्या 'गोट्या'चे लेखक) यांचा 'दाजी' याच पानांवर वाढला. नांगराच्या कंपनीच्या मासिकात विनोदी पात्र! आजच्या एखाद्या पंप कंपनीच्या पेजवर कोणी असली सूचना मांडली तर ब्रँड टीम त्याला मीटिंगमधून बाहेर काढेल.

हा प्रकार जगात पहिला नव्हता. अमेरिकेत जॉन डीअर या नांगराच्याच कंपनीने १८९५ मध्ये 'द फरो' नावाचं शेतकऱ्यांचं मासिक काढलं, ते अजून निघतं. हल्ली मार्केटिंगच्या प्रत्येक कोर्समध्ये कंटेंट मार्केटिंगचं आद्य उदाहरण म्हणून त्याची स्लाइड असते. 'किर्लोस्कर खबर'ची स्लाइड मी तरी कुठे बघितली नाही. आपल्याकडच्या मॅनेजमेंट कॉलेजांनी नांगराचं उदाहरण इलिनॉयहून आयात करावं आणि सांगली जिल्ह्यातलं विसरावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'द फरो' शेवटपर्यंत शेतीचं मासिक राहिलं. 'खबर'चं तसं झालं नाही. १९२९ च्या सुमारास नावातली 'खबर' गळाली आणि मासिक नुसतं 'किर्लोस्कर' झालं. १९३० मध्ये 'स्त्री' निघालं, १९३४ मध्ये तरुणांसाठी 'मनोहर'. जे काम एका कारखान्याची बातमी देण्यासाठी सुरू झालं होतं त्यात आता स्त्रियांचं शिक्षण, लग्न, संसार, अंधश्रद्धा, जातिभेद यांवर लिहिलं जाऊ लागलं. 'किर्लोस्कर'ने बुवाबाजीविरुद्ध मोहीम चालवली. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले. ते वाचून त्या काळात किती देवघरांमध्ये खळबळ उडाली असेल याची कल्पना करा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध वेडेपणा आहे. तुमचा माल घेणारा माणूस बैलपोळा करतो, नांगराची पूजा करतो, पेरणीचा मुहूर्त भटजींना विचारतो. त्याच्या घरात तुमच्याच नावाचं मासिक जातं आणि सांगतं की बुवा-महाराजांच्या नादी लागू नका. मासिकाच्या कपाळावर जे नाव, तेच नांगरावर ठोकलेलं. उद्या कोणी चिडून म्हणाला की या धर्मबुडव्यांचा नांगर नको, तर? आमच्या कंपनीत सोशल मीडिया पॉलिसीचं अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग असतं. त्याचं सार एवढंच की कोणाला राग येईल असं काही लिहू नका. त्या ट्रेनिंगमध्ये शंकरराव नक्की नापास झाले असते.

पण मग असंही वाटतं की लोखंडाने जमीन विषारी होते हाही एक समजच होता. त्या समजाशी त्यांच्या काकांनी दोन वर्षं झुंज दिली होती. नांगर विकायचा तर आधी माणसाच्या डोक्यातली भीती काढावी लागते हे त्या घराने सोसून शिकलेलं होतं. तेव्हा बुवाबाजीवरचा लेख हा त्यांच्या धंद्यापासून आपल्याला वाटतो तितका लांब नसावा. हा माझा तर्क आहे, पटला नाही तर सोडून द्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेखही एक 'विनम्र' पोस्ट होईल. 'यशस्वी व्हा, उद्योगी व्हा, वेळ वाया घालवू नका, स्वतःला घडवा' हा जो सूर आज लिंक्डइनवर सकाळ-संध्याकाळ कानी पडतो, तो मराठीत रुजवण्यात या मासिकाचा मोठा वाटा आहे. कर्तबगार माणसाचं चरित्र, त्याने सोसलेले हाल, शेवटी मिळालेलं यश, हा साचा 'किर्लोस्कर'ने महिन्यामागून महिने वापरला. धंद्यात यश कसं मिळवावं यावर शंकररावांनी पुस्तकही लिहिलं. गरीब माणूस गरीब का राहतो याची सगळी जबाबदारी त्याच्याच आळसावर टाकण्याची जी खोड या प्रकारच्या लिखाणाला असते, तिच्यापासून हे मासिक पूर्ण मुक्त होतं असं मी म्हणणार नाही. गोवंडी स्टेशनवर पहाटे पाचला लोकलची वाट बघणाऱ्या बायका मी रोज बघतो. त्यांना 'लवकर उठा' हा यशाचा मंत्र कोणी शिकवू नये.

तरी फरक उरतोच. त्या मासिकातलं चरित्र वाचून माणसाला काहीतरी कळायचं: अमुक कारखाना कसा चालतो, अमुक माणसाने भांडवल कुठून आणलं, अमुक रोग कशाने होतो. वाचक 'सहमत' म्हणून पुढे गेला असं व्हायचं नाही, त्याच्या हाती काहीतरी लागायचं. विद्या बाळ १९६४ मध्ये 'स्त्री'च्या संपादन विभागात आल्या, १९८३ ते १९८६ संपादक होत्या, आणि तिथून बाहेर पडल्यावर १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीची एक मोठी वाट अशी एका नांगराच्या कारखान्यातून गेलेली आहे. १९२० मध्ये शंकररावांना हे कोणी सांगितलं असतं तर त्यांनी त्यावर एखादं व्यंगचित्र काढलं असतं.

आणि हो, पंप. किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्युगल पंप १९२६ पासून बनू लागले. आमच्या पोराच्या फोटोतला पंप त्याच वंशावळीतला.

रविवारी तो परत आला. मी त्याला ही सगळी कथा सांगितली. त्याने ती सभ्यपणे ऐकून घेतली, मध्ये दोनदा व्हॉट्सॲप बघितलं, आणि मग सरळ विचारलं, "म्हणजे मी काय लिहू?"

मी म्हटलं, "सोसायटीवाले तुला सगळ्यात जास्त वेळा कशासाठी बोलावतात?"

"पंप चालू असतो पण पाणी चढत नाही. दहात सहा वेळा तेच."

"का होतं?"

मग तो पंधरा मिनिटं बोलत होता. फुटव्हॉल्व्ह गळायला लागला की पंप बंद झाल्यावर सक्शन पाइपातलं पाणी खाली उतरतं, प्रायमिंग टिकत नाही, पंप सुका फिरतो आणि शेवटी सील जळतो. वॉचमन बिचारा बटण दाबून ठेवतो, कारण वरून लोक ओरडत असतात. सेक्रेटरी नवीन मोटरचं कोटेशन मागवतो. आणि बऱ्याचदा मोटरला काहीच झालेलं नसतं, टाकीत उतरून एक व्हॉल्व्ह साफ करायचा असतो, मध्ये कचरा अडकलेला असतो. मोटर खरंच गेलीय की नुसती हवा धरलीय हे वॉचमनलाही ओळखता यावं म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येक सोसायटीत खडूने भिंतीवर लिहून येतो: प्रायमिंगच्या झाकणातून पाणी भर, पातळी उतरतेय का बघ, उतरली तर बटण दाबू नको, मला फोन कर. भिंतीवर लिहून येतो! आणि मला विचारतोय की पोस्टमध्ये काय लिहू.

"हेच लिही," म्हटलं. "तू आत्ता बोललास तसंच. मराठीत लिही, सेक्रेटरी लोकांना कळेल."

त्याने तिथेच सोफ्यावर बसून लिहिलं. रॉकेटं काढली. पाच धडे गेले. भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांचा एक फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होता, तो लावला. टाकल्यावर दुसऱ्या दिवशीपर्यंत अकरा लाइक्स आले, त्यातला एक माझा आणि एक त्याच्या बहिणीचा. व्हायरल वगैरे काही झालं नाही. मंगळवारी मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेसेज आला, की आमचाही पंप असाच करतो, येऊन बघाल का, आणि तुमचं वर्कशॉप कुठे आहे, आमचा माणूस जुना व्हॉल्व्ह घेऊन येईल.

तो मोबाईल घेऊन धावत वर आला. "दादा, पत्ता काय देऊ? चेंबूर लिहू?"

"गोवंडी लिही," म्हटलं. "नाहीतर तो माणूस एक स्टेशन आधी उतरेल."